चर्चला कशासाठी जातो, हे ज्याचं त्याने तपासावं

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

रविवारी सकाळी खेड्यातल्या चर्चची घंटा झाली की आपल्या विदर्भात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पारावरचं वाक्य असतं, "काहीतरी मिळत असेल, उगाच कोण जातं?" आणि चर्चच्या ओसरीवरचं, "आम्ही फक्त देवासाठी येतो." पहिलं बोलणाऱ्याने चर्चच्या आत डोकावलेलं नसतं, दुसरं बोलणाऱ्याने स्वतःच्या. राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो. ईस्टरपर्यंत मधले सहा रविवार वगळले की चाळीस दिवस भरतात. स्वतःच्या आत डोकावण्यासाठी चर्चने पूर्वापार राखून ठेवलेला हा काळ आहे, म्हणून हे पत्र. ते मुख्यतः ख्रिस्ती वाचकांसाठी आहे, पण पारावरच्या मंडळींनी वाचायला हरकत नाही.

आधी पाराचा हिशेब चुकता करू. त्या वाक्यात इतिहासापुरतं तथ्य आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा पाठोपाठच्या दोन दुष्काळांत वऱ्हाड आणि मध्यप्रांतात मिशनऱ्यांनी अनाथालयं चालवली. पोटाच्या आगीने तिथे पोचलेली पोरं तिथेच वाढली आणि काही ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात तिथूनच आहे. यात लपवण्यासारखं काही नाही. पण आजचा व्यवहार उलटा आहे. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. (अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही, त्यामुळे मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंड कुटुंबाचं तसं नाही.) म्हणजे अनुसूचित जातीतल्या माणसासाठी बाप्तिस्मा हा कागदोपत्री सरळ तोट्याचा सौदा आहे. बाप्तिस्मा न घेता वर्षानुवर्षं मागच्या सतरंजीवर बसून प्रार्थना करणारी माणसं दिसतात, त्यांतल्या काहींच्या मनात हीच धास्ती असते. फायद्यासाठी येणारा इतकी वर्षं मागच्या सतरंजीवर बसत नाही.

पारावरचं वाक्य इथेच सोडू. ओसरीवरचं निस्तरायला जास्त अवघड आहे.

माणसं चर्चला कशाकशासाठी येतात हे मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं, रजिस्टर सांभाळणाऱ्याला बरोबर कळतं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली पाळकाकडून (चर्चच्या धर्मगुरूकडून) लग्न लावायचं तर बहुतेक मंडळ्या नाव सभासदांत आहे का, हे आधी पाहतात. त्यामुळे दोन वर्षं न दिसलेला तरुण साखरपुड्याच्या सुमारास नियमित होतो. दफनभूमी मंडळीच्या ताब्यात असते. आपल्या मागे मुलांची अडवणूक होऊ नये म्हणून म्हातारी माणसं वर्गणी आणि हजेरी दोन्ही चुकवत नाहीत. कमिटीची निवडणूक आली की बाकं भरतात. तालुक्याभरात ख्रिस्ती घरं थोडी, तेव्हा स्थळ बघायची जागाही चर्चच. कीबोर्ड आणि ड्रमपॅड आल्यापासून गाण्याच्या हौसेने येणारी पोरं आहेत. घरात तंटा नको म्हणून बायकोबरोबर येणारे नवरे आहेत आणि सासू बघते म्हणून येणाऱ्या सुना आहेत. मुलं पुण्याला गेल्यावर आठवड्यातून एकदा चार माणसांत बसायला मिळतं, एवढ्यासाठी येणारा म्हातारा आहे. आणि आजारपण तर आहेच.

यातलं जवळपास काहीच पाप नाही. एकटं माणूस सोबतीसाठी आलं तर त्याला सोबत देणं हे मंडळीचं कामच आहे. सवयीने येणाऱ्यालाही आम्ही नावं ठेवणार नाही. कॅथलिक बांधवांत रविवारचा मिस्सा (उपासना) हे बंधनकारक कर्तव्य मानतात आणि कर्तव्य म्हणून जाणं म्हणजे ढोंग नव्हे. आज मन लागतंय का, असं स्वतःला विचारून गोठ्यातल्या बैलाला कोणी वैरण टाकत नाही. घोटाळा होतो तो पुढे. या साऱ्या हेतूंना आपण एकच नाव देतो, "देवासाठी", आणि मग त्या नावावर विश्वास ठेवू लागतो.

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच भाकरी आणि दोन मासळ्यांवर पाच हजार पुरुष जेवतात. दुसऱ्या दिवशी तोच जमाव होड्यांत बसून कफर्णहूमला येशूला शोधत येतो. येशू त्यांना तोंडावर सांगतो की भाकरी खाऊन पोट भरलं म्हणून तुम्ही मला शोधता. पण तो त्यांना हाकलत नाही. तिथेच त्यांच्याशी लांबलचक बोलतो. त्यांना न पेलणारं बोलतो, आणि अध्याय संपायच्या आत बरेच जण आपण होऊन निघून जातात. लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी याहून उपयोगाचे. दहाही जण गरजेपोटीच आले होते, दहाही बरे झाले. आभार मानायला परत आला एक, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्याला कमी लेखत त्या समाजातला. गरज घेऊन पहिल्यांदा येण्याबद्दल त्या दहांपैकी कोणालाच बोल लावलेला नाही. विचारलं गेलं ते परत न आलेल्या नऊ जणांबद्दल. तेव्हा हेतूची परीक्षा पहिल्या रविवारी होत नाही. ती होते काम झाल्यानंतरच्या रविवारी. मुलीचं लग्न पार पडलं, आईचा ताप उतरला, कमिटीत नाव लागलं, त्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात माणूस कुठे आहे ते ज्याचं त्याने बघावं.

आता तपासणीची रीत. सोयाबीन पेरणारा शेतकरी घरचं बियाणं आंधळेपणाने पेरत नाही. शंभर दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत ठेवतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, ओल राखतो आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजतो. सत्तर किंवा अधिक उगवले तर नेहमीचं प्रमाण, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. दाणा वरून टपोरा दिसतो म्हणून तो उगवतोच असं नाही, हे त्याला माहीत असतं. आणि साठच उगवले म्हणून तो वावर पडीक टाकत नाही. हेतूची चाचणी अशीच करावी: थोड्या नमुन्यावर, ठरलेल्या दिवशी, आकडा लिहून.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं पुरेत. खिशात मावणारी वही घ्यावी आणि तारीख टाकून एकच ओळ लिहावी: उद्या मी अमुक कारणासाठी जाणार आहे. कारण खरं आणि बारीक असावं. "आराधनेसाठी" हे उत्तर चालणार नाही, ते सगळ्यांचंच असतं. "नवं गाणं माझ्या आवाजात आहे", "भावकीतला अमका येणार, मी नसलो तर तो बोलेल", "सोमवारी हप्ता आहे, धीर हवा आहे", असं लिहावं. त्याखाली दोन प्रश्न. उद्या मला कोणी बघणार नसेल तरी जाईन का? आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो पुढच्या बाकावर बसणार असेल तरी जाईन का? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कठीण आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात दान वेदीपाशी तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, ते उगाच नाही.

रविवारी रात्री तीच वही उघडून दुसरी ओळ लिहावी: प्रत्यक्षात मन कुठे होतं? चार रविवार हे केलं की नमुना पुरेसा होतो. एका रविवारावरून निदान करू नये. कधी पोट बिघडलेलं असतं, कधी रात्री ओलिताची पाळी असते आणि डोळे मिटतात. तो आजार नव्हे. चार ओळी एकाखाली एक वाचल्या की कुठलं कारण पुन्हा पुन्हा येतंय ते दिसतं. कागदावर खुणा करून रोजच्याशी रोज ताडून बघण्याची ही पद्धत नवी नाही. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नातीने एखाद्या ठरावीक दोषासाठी रोज रेघेवर टिंबं मांडून दिवसाशी दिवस आणि आठवड्याशी आठवडा ताडायला सांगितलं होतं. रोजची ओळ खेड्यात निभत नाही. आठवड्याची निभते.

उपासनेच्या वेळी तपासायच्या जागाही ठरलेल्या आहेत. उशीर होत असेल तर तो कुठल्या वेळेला होतो ते बघावं. बऱ्याच जणांचा उशीर नेमका पापांगीकाराची प्रार्थना आटोपेपर्यंतचा असतो. पापांगीकार तोंडपाठ असतो हा त्याचा गुण आणि तोच त्याचा धोका. त्यात एका जागी थांबून मनातल्या मनात एक ठोस गोष्ट घालता आली नाही तर आठवडाभरात काही घडलंच नाही असं आपण म्हणतो आहोत. संदेश (प्रवचन) चालू असताना "हे अगदी त्याला लागू आहे" असं मनात आलं की तिथे एक खूण करावी. अशा खुणा तीनच्या वर गेल्या तर आपण संदेश ऐकला नाही, दुसऱ्यांना वाटून टाकला. साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायला, उठण्याआधी वाक्यं मनात किती वेळा घोळवली ते आठवावं.

दानाची थैली किंवा थाळी ही सगळ्यांत खरी जागा. दहाची नोट चार घड्या घालून पडते, पाचशेची सपाट. हात थैलीत किती आत जातो यावरून देणाऱ्याचं मन कळतं, हिशेबनिसाला नाही, त्याचं त्याला. ज्या मंडळ्यांत दानाची नावं आणि रकमा मोठ्याने वाचतात तिथे ही परीक्षा होऊच शकत नाही, कारण तिथे देणारा देवाला देतो की ऐकणाऱ्याला, हे त्याला स्वतःलाही ठरवता येत नाही.

आणि प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात लिहिलं की प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. हे वचन आपल्याकडे इतकं धाकाने वाचलं जातं की लोक मागेच बसून राहतात. मागचापुढचा भाग वाचला तर तिथला गुन्हा अगदी साधा दिसतो: खाऊन-पिऊन असलेले आधी जेवत, पिऊन तर्र होत, आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. परीक्षा करायची ती या गोष्टीची. हार्वेस्टच्या (सुगीच्या सणाच्या) प्रीतिभोजनात कोणाची पंगत आधी बसते, भाजीतले तुकडे कोणाच्या ताटात जातात, सालदार आणि शेतमालक शेजारी बसतात का, एवढं बघितलं तरी त्या वचनाचं निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी "स्वतःची" हा शब्द पुन्हा वाचावा. पूर्वी स्कॉटलंडच्या मंडळ्यांत वडील लोक (मंडळीचे कारभारी) घरोघर फिरून कोण लायक ते ठरवत आणि प्रभुभोजनाला बसण्यासाठी धातूचा बिल्ला देत. त्याच देशातून मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. बिल्ल्याची चाल राहिली नाही, पण दुसऱ्याची लायकी तपासायची हौस काही वडिलांत अजून शिल्लक आहे. आमच्या मते हा रोग खोट्या हेतूपेक्षा वाईट.

ही तपासणी बिघडते कशी तेही सांगायला हवं. पहिला बिघाड, वहीत चांगलं दिसेल असं लिहिणं. उपाय सोपा आहे: चार आठवडे झाले की पानं चुलीत घालावीत. जपून ठेवायची म्हटली की माणूस वाचणाऱ्यासाठी लिहू लागतो. दुसरा बिघाड, ती पाळकाला नेऊन दाखवणं. मग तीही साक्ष होते. तिसरा, नवरा-बायकोने एकमेकांची वही तपासणं. यातून भांडणाशिवाय काही निघत नाही. चौथा सगळ्यांत धोक्याचा, आणि तो चांगल्या माणसांनाच होतो: हेतू भेसळीचा निघाला म्हणून माणूस यायचंच सोडतो. "मन साफ झालं की येईन" म्हणणारा परत येत नाही. आंघोळ झाल्यावरच नदीवर जाईन म्हणण्यातली ही गत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एकत्र मिळणं सोडू नका असं दहाव्या अध्यायात सांगितलं आहे, आणि त्याला हेतू निर्मळ असण्याची अट घातलेली नाही. बियाणं कमी उगवलं तर पेरा वाढवायचा.

आजारपणाबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे, कारण तिथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. बरं होण्यासाठी प्रार्थनेला येण्यात काही गैर नाही. शुभवर्तमानांतले निम्मे लोक त्यासाठीच आले असतील. पण क्षयरोगाचा नेहमीचा औषधोपचार किमान सहा महिन्यांचा असतो आणि पहिल्या दोन महिन्यांतच खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. नेमकं त्याच वेळी "साक्ष द्या" असा आग्रह होतो. एकदा चारचौघांत "मी बरा झालो" म्हटलं की गोळ्या चालू ठेवणं म्हणजे साक्ष खोटी पाडल्यासारखं वाटतं, आणि माणूस गोळ्या गुपचूप सोडतो. मग उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि दुसऱ्यांदाचा उपचार जास्त लांबतो, जास्त त्रासाचा होतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोरांचंही तसंच: दोन दुखण्यांमधला बरा काळ म्हणजे आजार गेला असं नव्हे. आमचं म्हणणं इतकंच की उपचार पूर्ण झाल्याचा डॉक्टरचा कागद हातात येईपर्यंत आजाराची साक्ष घेऊ नये. देवाचं काही बिघडत नाही, तो सहा महिने थांबतो.

राहिली मंडळीची जबाबदारी. सभासदांचे हेतू खोटे म्हणून ओरडायचं आणि खोट्या हेतूंना खतपाणी आपणच घालायचं, असं बऱ्याच ठिकाणी चाललंय. नाताळची लुगडी आणि ब्लँकेटं उपासना संपल्यावर दारातच वाटली तर लोक लुगड्यासाठी आले, हा दोष लोकांचा नाही. वाटप आठवड्यातल्या एखाद्या दिवशी, चर्चपासून दूर, गावातल्या सगळ्या गरजूंना, जात-धर्म न विचारता करावं. गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडत आणि झाडताना कोणाचं अंगण ते विचारत नसत. अमरावती जिल्ह्यात राहून आपल्याला हे परक्याकडून शिकावं लागू नये. निवडणुकीची मतदार यादी सहा महिने आधी बंद केली तर शेवटच्या महिन्यातली गर्दी आपोआप ओसरेल. दफनासाठी हजेरी आणि थकबाकी विचारूच नये. मेलेल्या माणसाचा हेतू तपासायचा अधिकार कमिटीला नाही. दानाची नावं वाचणं बंद करावं, पण दोघांनी मिळून मोजणं, वहीत रक्कम लिहून सह्या करणं आणि महिन्याचा जमाखर्च दारावर लावणं चालू ठेवावं. ज्याला पावती हवी त्याला ती वेगळी द्यावी.

आणि हजेरी मोजताना हंगाम बघावा. दिवाळीनंतर कापसाच्या वेच्याचे दिवस असतात. बाया किलोवर वेचतात आणि रविवार सोडला तर त्या दिवसाची भाजी-मिठाची सोय गेली. मार्च-एप्रिलमध्ये मेळघाट, गोंदिया, गडचिरोलीकडे मोहफुलं पडतात. ती रात्री गळतात आणि पहाटे वेचावी लागतात, उशीर झाला तर गुरं खातात किंवा उन्हाने खराब होतात. ईस्टरची पहाटेची उपासना नेमकी याच दिवसांत येते. टोपली घेऊन मोहाखाली गेलेल्या बाईचा हेतू चर्चमध्ये बसलेल्यांपेक्षा हलका, असं कोणी धरून चालू नये. तिथल्या मंडळ्यांनी त्या महिन्यापुरती उपासना दुपारी चारला ठेवावी, आणि घंटा जंगलापर्यंत ऐकू जात नसेल तर आदल्या दिवशी एखाद्या पोराला वस्तीवर पाठवून वेळ कळवावी.

आपले,
खेड्यांतल्या उपासना चालवणारे काही मंडळी-वडील
(यवतमाळ व अमरावती जिल्हा)